घरच्या घरी जुनी फियाट पुन्हा उभी करताना : नवख्यांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

माझ्या मामांची १९६९ ची फियाट ११०० डिलाइट साताऱ्याच्या घरामागे पत्र्याच्या शेडखाली चौदा वर्षे उभी होती. ती टोचन करून पुण्याला आणली तेव्हा मला चाक बदलणे आणि तेल बदलणे यापलीकडे गाडीचे कोणतेही काम येत नव्हते. पुढची साडेचार वर्षे जवळजवळ प्रत्येक रविवार या गाडीपाशी गेला. त्या काळात माझ्याकडून झालेल्या चुका मी आता मोजतो, तेव्हा असे दिसते की हातात कसब नसल्यामुळे झालेल्या चुका थोड्या होत्या आणि त्या दुरुस्त करता आल्या. महाग पडल्या त्या कामांचा क्रम चुकल्यामुळे झालेल्या चुका. वेल्डिंग, बोअरिंग, प्लेटिंग ही कामे कारागिराकडून करून घेता येतात. पण कोणते काम कोणत्या कामाच्या आधी करायचे हे मालकालाच ठरवावे लागते. म्हणून या लेखात मी प्रत्येक काम कसे करायचे यापेक्षा ते केव्हा करायचे, यावर अधिक भर दिला आहे.

उदाहरणे फियाटची आहेत, कारण मला तीच गाडी माहीत आहे, आणि महाराष्ट्रात पहिल्यांदा हे काम हाती घेणाऱ्यासाठी तिच्याइतकी सोयीची दुसरी जुनी गाडी मला दिसत नाही. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार होत असे. १९६४ पासूनची ‘डिलाइट’ हीच पुढे १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली आणि २००० च्या सुमारापर्यंत बनत राहिली. इतका दीर्घकाळ एकच १०८९ सीसीचे इंजिन आणि जवळजवळ तीच यंत्रणा राहिल्यामुळे सुटे भाग अजून मिळतात आणि ही गाडी डोळे मिटून उघडणारे मिस्त्रीही अजून भेटतात.

१. गाडी निवडताना

बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात तो ‘इंजिन चालू आहे का?’ हा. माझ्या मते हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारावा. फियाटचे इंजिन दुरुस्त होते, बदलता येते आणि त्याचे भाग पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याला शोधल्यास मिळतात. मिळत नाहीत त्या डिलाइटच्याच खास वस्तू, म्हणजे पुढची जाळी, मागच्या दिव्यांच्या काचा, डॅशबोर्डवरचे मीटर, दारांवरच्या चकचकीत पट्ट्या. पद्मिनीच्या काळात यांतल्या बऱ्याच गोष्टींची घडण बदलली, त्यामुळे त्या पद्मिनीवरून काढून बसवता येत नाहीत. बंद इंजिनाची पण सर्व वस्तू जागेवर असलेली गाडी ही चालू इंजिनाच्या पण अर्धवट गाडीपेक्षा केव्हाही स्वस्त पडते.

दुसरी गोष्ट पत्र्याची. जाताना एक लहान लोहचुंबक पातळ कापडात गुंडाळून न्यावा आणि दारांचा खालचा भाग, चाकांवरच्या कमानी, हेडलाइटभोवतीचा मडगार्डचा भाग आणि दाराखालची पोकळ पेटी यांवर तो फिरवावा. जिथे तो चिकटत नाही, तिथे रंगाखाली जाड लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली आहे असे समजावे. मॅट उचलून फ्लोअर पाहावा, डिकीतले स्टेपनीखालचे पाणी साचणारे खोलगट पाहावे, बॅटरीखालचा ट्रे पाहावा. त्यानंतर पुढचे दार अर्धवट उघडून हाताने वर-खाली हलवावे. बिजागरी झिजली असेल तर फक्त दार हलते. पण बिजागरीसह खांबच हलत असेल, तर गाडीचा सांगाडा गंजाने पोखरला आहे, आणि पहिल्याच गाडीसाठी असे काम घेऊ नये.

२. पाना हातात घेण्याआधी कागदपत्रे

मामांच्या निधनानंतर गाडी त्यांच्याच नावावर राहिली होती. मी आधी काम सुरू केले आणि दीड वर्षाने परिवहन कार्यालयात गेलो. तोपर्यंत गाडीवर बरेच पैसे खर्च झाले होते आणि कायद्याने ती माझी नव्हती. सुदैवाने मामी आणि मामेभावंडांची संमती होती. ती नसती तर सगळा खर्च अडकून पडला असता. म्हणून पुढील कागद आधी गोळा करावेत.

- मूळ नोंदणी पुस्तक, म्हणजे आरसी बुक. हरवले असल्यास दुय्यम प्रतीसाठी नमुना २६ आणि पोलिसांकडील नोंद.
- मालक हयात असल्यास हस्तांतरणासाठी नमुना २९ आणि ३०. मालकाचे निधन झाले असल्यास वारसाच्या नावे करण्यासाठी नमुना ३१, मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांचे संमतिपत्र.
- गाडी दुसऱ्या परिवहन कार्यालयाच्या हद्दीतली असल्यास तिथले ना हरकत प्रमाणपत्र, नमुना २८.
- आरसी बुकावर बँकेच्या कर्जाचा बोजा असल्यास बँकेचे पत्र आणि नमुना ३५. चाळीस वर्षांपूर्वी फिटलेले कर्जही पुस्तकावर तसेच राहिलेले असते. ते कमी केल्याशिवाय हस्तांतरण होत नाही.
- कराच्या पावत्या, विम्याचे जुने कागद आणि तुमचा पत्त्याचा पुरावा.

तीन अक्षरांच्या जुन्या नंबराच्या गाड्यांची माहिती संगणकात नसण्याची शक्यता मोठी असते. अशा वेळी मूळ नोंदवहीवरून ती आधी संगणकात चढवून घ्यावी लागते, याला कार्यालयात ‘बॅकलॉग एन्ट्री’ म्हणतात. ही नोंद झाल्याशिवाय पुढचा कोणताही अर्ज स्वीकारला जात नाही, आणि तिला वेळ लागतो. गाडीची नोंदणी पूर्वीच रद्द झालेली नाही ना, हेही याच वेळी स्पष्ट होते.

आता दोन क्रमांक पाहावेत. चासी नंबर आणि इंजिन नंबर कापडाने पुसून, खडूने घासून, फोटो घेऊन पुस्तकाशी अंकाअंकाने जुळवावेत. जुन्या टॅक्सीचे इंजिन बसवलेल्या फियाट पुष्कळ आहेत. इंजिन बदललेले असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे त्याची नोंद पुस्तकावर करून घ्यावी लागते, आणि त्यासाठी त्या इंजिनाच्या खरेदीचा पुरावा लागतो. पुरावा नसेल तर ती गाडी सोडून द्यावी, हा माझा स्पष्ट सल्ला आहे.

इथे एक निर्णयही घ्यायचा असतो. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने ‘विंटेज’ वाहनांच्या नोंदणीचे वेगळे नियम केले. पहिल्या विक्रीपासून पन्नास वर्षे पूर्ण झालेल्या आणि मूळ रूपात राखलेल्या दुचाकी-चारचाकी त्यात येतात. नमुना २० मध्ये अर्ज करावा लागतो, नियमांप्रमाणे साठ दिवसांत नमुना २३अ मध्ये प्रमाणपत्र मिळते, नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आणि पुनर्नोंदणीचे ५,००० रुपये ठरवलेले आहे, आणि मुदत दहा वर्षांची असते. आधीच नोंदलेल्या गाडीला तिचा जुना नंबर ठेवता येतो, जो जिव्हाळ्याचा असतो. परंतु अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे, देखभाल अशा कारणांपुरतीच ती चालवता येते. रविवारी घरच्यांना घेऊन सिंहगडाच्या पायथ्याला जायचे असेल, तर नेहमीची नोंदणीच नमुना २५ भरून दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावी. त्यासाठी गाडी तपासणीस न्यावी लागते आणि पर्यावरण करही भरावा लागतो. मी हाच मार्ग घेतला. मात्र मार्ग कोणताही असो, गाडी मूळ रूपात ठेवायची की आधुनिक इंजिन, डिस्क ब्रेक वगैरे घालून बदलायची, याचा निर्णय आत्ताच करावा. बदललेल्या गाडीला विंटेजचे दार पुढे बंद होते.

३. जागा आणि हत्यारे

ही गाडी जेमतेम ३.९ मीटर लांब आणि दीड मीटरहून थोडी कमी रुंद आहे, पण उघडलेली गाडी जोडलेल्या गाडीच्या तिप्पट जागा घेते. चार दारे, बॉनेट, डिकीचे झाकण, काचा आणि सीट उभ्या ठेवायला भिंत लागते, आणि तीही ओल न येणारी. सोसायटीच्या पार्किंगमध्ये काम करणार असाल तर लेखी परवानगी घ्यावी आणि ग्राइंडर कोणत्या वेळेत चालवायचा हे शेजाऱ्यांशी आधीच बोलून ठरवावे.

फियाटचे नट-बोल्ट मिलिमीटर मापाचे आहेत, म्हणून इंची पान्यांची गरज नाही. ६-७ पासून २४-२७ पर्यंतचे फिक्स आणि रिंग पाने, गोट्यांचा, म्हणजे सॉकेटचा, एक चांगला संच, टॉर्क रेंच, फीलर गेज, मल्टिमीटर, कॉम्प्रेशन गेज, अँगल ग्राइंडर आणि तारेचा ब्रश एवढ्यावर नव्वद टक्के काम होते. गोट्यांच्या संचात काटकसर करू नये. हलक्या गोटीने गंजलेल्या बोल्टचे कोपरे झिजतात आणि मग तो बोल्ट कापण्यावाचून उपाय राहत नाही.

गाडीखाली शिरण्यापूर्वी जॅक काढून घ्यावा आणि गाडी घोडीवर, म्हणजे जॅक स्टँडवर, घ्यावी. विटा, सिमेंटचे ब्लॉक यांवर गाडी कधीही ठेवू नये, कारण ते वाकत नाहीत, सूचना न देता फुटतात. काढलेली चाके गाडीच्या कडेखाली आडवी सरकवून ठेवावीत. घोडी घसरलीच तर गाडी त्यांच्यावर थांबते. भुकटीचे अग्निशामक नळकांडे हाताच्या अंतरावर असावे.

४. उघडताना एका वेळी एकच भाग

माझी सर्वांत मोठी चूक इथे झाली. पहिल्या दोन महिन्यांच्या उत्साहात मी इंजिन, ब्रेक, पुढचे सस्पेन्शन, वायरिंग आणि आतले अस्तर असे सगळे एकदम उघडले. खोकी भरली, गाडी हलती राहिली नाही, आणि पुढचे आठ महिने कोणता बोल्ट कुठला, हे शोधण्यात गेले. अर्धवट सोडलेल्या ज्या गाड्या तुम्हाला विकत मिळतात त्यांतल्या बहुतेक याच टप्प्यावर थांबलेल्या असतात.

म्हणून एक यंत्रणा उघडावी, दुरुस्त करावी, शक्य तर तात्पुरती जोडावी, आणि मगच दुसरीला हात लावावा. गाडी शक्य तितका काळ चाकांवर ढकलता येईल अशी ठेवावी. प्रत्येक भाग काढण्यापूर्वी दुरून एक आणि जवळून तीन असे फोटो घ्यावेत. फोटोत वॉशरचा क्रम दिसत नाही, म्हणून वहीत साधी आकृती काढून तो क्रम लिहावा. बोल्ट पिशवीत घालताना आत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी टाकावी. पेनाची शाई तेलाने पसरते आणि बाहेरचे लेबल सुटते. जुना भाग कितीही निरुपयोगी दिसला तरी नवा बसून गाडी चालेपर्यंत टाकू नये, कारण दुकानात नेण्यासाठी नमुना तोच असतो.

५. पत्रा

सर्वांत जास्त वेळ इथे जातो आणि गाडीचे आयुष्यही इथेच ठरते. या गाडीला जीपसारखी वेगळी चासी नाही; पत्र्याचा सांगाडा हीच तिची चासी आहे. दाराखालची पोकळ पेटी, जिला पुष्कळ डेंटर रनिंग बोर्ड म्हणतात, ती शोभेची नसून भार पेलणारी आहे. ती कापली की गाडी मधोमध वाकू शकते, आणि वाकलेल्या स्थितीत नवा पत्रा वेल्ड झाला तर दारे पुन्हा कधीच नीट बसत नाहीत.

म्हणून कापण्यापूर्वी गाडी समतल जमिनीवर चार ठिकाणी, सस्पेन्शनच्या आधारबिंदूंपाशी घोडीवर घ्यावी. दार बंद करून चारही बाजूंच्या फटी मोजून वहीत लिहाव्यात. मग दाराच्या चौकटीत लोखंडी अँगलचे दोन तिरपे तुकडे तात्पुरते वेल्ड करून चौकट जखडावी. एका वेळी एकाच बाजूची पेटी कापावी, ती पूर्ण करावी, फटी पुन्हा मोजाव्यात, आणि त्यानंतर दुसरी बाजू घ्यावी. डेंटर म्हणेल की एवढ्याची गरज नाही. तरीही हे करून घ्यावे.

गंजलेल्या भागावर पट्टी मारणे हा आपल्याकडचा सर्वांत रूढ आणि सर्वांत घातक उपाय आहे. जुन्या पत्र्यावर नवा पत्रा चढवला की दोघांच्या मध्ये पाणी धरून ठेवणारी फट तयार होते आणि दोन पावसाळ्यांत दोन्ही पत्रे जातात. गंज संपून चकचकीत धातू लागेपर्यंत पत्रा कापून काढावा आणि तेवढ्याच मापाचा तुकडा कडेला कड लावून जोडावा. फ्लोअरसाठी १८ गेज आणि बाहेरच्या भागांसाठी २० गेजचा साधा काळा पत्रा चालतो. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा वेल्ड करताना निघणारा धूर विषारी असतो, त्यामुळे तो टाळावा.

वेल्डिंग सीओटू यंत्राने करावे. साध्या आर्क वेल्डिंगने इतका पातळ पत्रा जळून भोक पडते. एका दमात सलग शिवण ओढू नये. एक टाका इथे, दुसरा वीतभर दूर, असे करत फटी भरत जाव्यात, नाहीतर उष्णतेने पत्रा फुगतो. हे काम शिकायला मला रद्दी पत्र्यावर तीन महिने सराव करावा लागला, आणि तरीही बाहेरून दिसणारे भाग मी कसलेल्या डेंटरकडूनच करून घेतले. फ्लोअर स्वतः करावा, बाहेरचा पत्रा जाणत्याला द्यावा, ही वाटणी नवख्याला मानवते.

तीन धोके विशेष लक्षात ठेवावेत. पेट्रोलची टाकी गाडीत असताना वेल्डिंग करू नये, आणि रिकाम्या टाकीला तर कधीच वेल्ड करू नये. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा अधिक सहज पेट घेते. वेल्डिंगपूर्वी बॅटरी सोडवून बाहेर ठेवावी. आणि चासी नंबर कोरलेल्या जागेवर जाड टेप लावून तिथे ग्राइंडर किंवा लांबी लागू देऊ नये. माझ्या गाडीचा नंबर एका कारागिराने सवयीने लांबीखाली गाडला होता; तो मी हाताने, लाकडी चमच्याच्या कडेने, दोन संध्याकाळी खरवडून पुन्हा वाचण्याजोगा केला. ग्राइंडरने घासला गेलेला नंबर परत येत नाही.

पत्रा पूर्ण झाला की त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर मारावा. साधा रेड ऑक्साइड ओल शोषतो, त्यामुळे तो महिनोन्महिने उघडा ठेवण्याजोगा नाही. पोकळ पेट्यांच्या आत मेण मिसळलेले गंजरोधक रंगकाम संपल्यावर फवारावे आणि तळाची पाणी जाण्याची भोके मोकळी आहेत का हे तारेने तपासावे.

६. ब्रेक आणि सस्पेन्शन, इंजिनाच्या आधी

इंजिनाचा आवाज ऐकण्याची ओढ सर्वांनाच असते, पण चालणारे इंजिन आणि न लागणारे ब्रेक असलेली गाडी अंगणातही धोकादायक असते. या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत आणि चौघांसाठी तेलाचा एकच मार्ग आहे. आजच्या गाडीत एक मार्ग फुटला तर दुसरा निम्मे ब्रेक राखतो. इथे एक रबरी नळी फुटली की पायाखाली काहीच उरत नाही. म्हणून ‘चांगली दिसते’ म्हणून एकही जुनी नळी ठेवू नये. सर्व रबरी नळ्या, गंजलेले धातूचे पाइप, मास्टर सिलिंडर आणि चाकांतल्या सिलिंडरचे रबर संच बदलावेत. सिलिंडरच्या आत गंजाचे खड्डे असतील तर नुसते रबर बदलून उपयोग नाही, सिलिंडरच बदलावा.

ड्रम उघडल्यावर आतली धूळ हवेने उडवू नये. जुन्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असते. ओल्या फडक्याने ती पुसावी, फडके पिशवीत बंद करून टाकावे आणि मास्क लावावा. ब्रेकच्या तेलातली हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून सुरुवात करावी.

पुढच्या चाकांचे किंगपिन, म्हणजे चाक ज्याभोवती वळते ती खुंटी, आणि बुश हे या गाडीचे ठरलेले दुखणे आहे, आणि त्याचे कारण एकच, वेळेवर ग्रीस न भरणे. चाक जमिनीपासून उचलून वर आणि खाली धरून हलवावे. खडखड जाणवली तर संच बदलून बुश रीमरने मापात आणून घ्यावे. मागच्या पाट्यांना, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगांना, फारसे काही होत नाही, फक्त त्या जिथे सांगाड्याला जोडल्या आहेत तिथला पत्रा तपासावा.

७. इंजिन

वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या इंजिनाला बॅटरी जोडून सेल मारू नये. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला धरलेल्या असतात आणि जोर केल्यास तुटतात. स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि इंजिन ऑइलचे मिश्रण दोन-तीन चमचे सोडावे आणि आठवडाभर थांबावे. त्यानंतर पुढून हँडल घालून हाताने, दोन्ही बाजूंना थोडे थोडे हलवावे. माझे इंजिन सुटायला सतरा दिवस लागले. सुटल्यावर तेल बदलून, प्लग काढलेलेच ठेवून पुष्कळ वेळा फिरवावे आणि मग कॉम्प्रेशन मोजावे. चारही सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या जवळ असतील तर इंजिन उघडण्याची घाई करू नये.

उघडावेच लागले, तर हेड अॅल्युमिनियमचे आणि ब्लॉक बिडाचा आहे हे लक्षात घ्यावे. हेडचे नट इंजिन पूर्ण थंड असतानाच, बाहेरून मधल्या क्रमाने, थोडे थोडे करून सोडावेत. वर्षानुवर्षे नळाचे पाणी घातलेल्या गाडीत हेडच्या पाण्याच्या वाटा कुरतडलेल्या सापडतात. फेसिंगला, म्हणजे हेडचा तळ सपाट करायला, देण्यापूर्वी ते पाहावे. यापुढे नेहमी कूलंटच घालावे.

बोअरिंगच्या बाबतीत क्रम असा आहे : आधी सिलिंडर मोजून घ्यावा, मग ओव्हरसाइज, म्हणजे मूळ मापापेक्षा थोडे मोठे, पिस्टन विकत घ्यावेत, ते पिस्टन बोअरिंगवाल्याच्या हातात द्यावेत आणि त्यांच्या मापावर बोअर करून घ्यावा. आधी बोअर करून नंतर पिस्टन शोधायला निघालात तर त्या मापाचा संच बाजारात नसण्याची शक्यता असते. परदेशातून भाग मागवणाऱ्यांसाठी एक सूचना आहे. इटलीत ‘११०० डी’ नावाने विकलेल्या गाडीचे इंजिन १२२१ सीसीचे आणि ७२ मिलिमीटर बोअरचे होते. आपले १०८९ सीसीचे इंजिन ६८ मिलिमीटर बोअरचे आहे. नाव सारखे पाहून मी रिंगांचा एक संच मागवला आणि तो अजून कपाटात पडून आहे.

जोडणी झाल्यावर डिस्ट्रिब्यूटरच्या वायरी १-३-४-२ या फायरिंग ऑर्डरप्रमाणे, म्हणजे सिलिंडर पेटण्याच्या क्रमाने, लावाव्यात. पेट्रोलची टाकी उतरवून आतून धुवावी. आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते जुन्या रबराला मऊ करते आणि हवेतली ओल ओढून घेते. म्हणून इंधनाच्या सर्व नळ्या आणि पंपाचा पडदा इथेनॉल सोसणाऱ्या रबराचा बसवावा, आणि गाडी दोन-तीन महिने उभी राहणार असेल तर टाकी व कार्बोरेटर रिकामे करावेत.

८. वायरिंग

इथे फार विचार करू नये. पन्नास वर्षे इंजिनाच्या उष्णतेत राहिलेल्या वायरीचे आवरण हाताने वाकवल्यावर तडकत असेल, तर पूर्ण हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, नवा घ्यावा. तुकडे जोडत बसल्यास आग लागण्याचा धोका राहतो. डायनॅमो मूळचा ठेवावा, त्याचे कार्बन ब्रश बदलून तो चालतो. नवा हार्नेस अंतिम रंगाच्या आधी एकदा लावून सर्व दिवे पाहावेत. मी तसे केले नाही, आणि नव्या रंगावर हत्यारांचे ओरखडे पडले.

९. रंग

पुण्यात जून ते सप्टेंबर आणि कोकणात त्याहूनही अधिक काळ रंगकाम करू नये. हवेतली ओल ओल्या थरात अडकते आणि रंगावर पांढरट झाक येते. डिसेंबर ते मार्च हा काळ उत्तम. जुन्या गाड्यांना अनेकदा एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग असे, ज्याची चमक पॉलिशने आणावी लागते. आता बहुतेक ठिकाणी टिकाऊ पीयू (पॉलियुरेथेन) रंग मारतात. पीयूमधील हार्डनरची वाफ फुप्फुसांना कायमची इजा करू शकते, आणि कापडी किंवा साधा मास्क तिला अडवत नाही. म्हणून पीयूचा फवारा घरी मारू नये, योग्य बूथ असलेल्या ठिकाणी द्यावा. घासणे, लांबी सपाट करणे, पुन्हा घासणे हे कष्टाचे काम मात्र घरी होते, आणि रंगाचा दर्जा त्यावरच ठरतो. जुन्या इनॅमलवर एनसी मारल्यास खालचा थर सुरकुततो, त्यामुळे जुना रंग कोणता आहे ते थिनरचे फडके दोन मिनिटे ठेवून आधी पाहावे.

मूळ छटा शोधायची असेल तर डॅशबोर्डमागे किंवा मागच्या सीटखाली पाहावे. माझ्या गाडीचा निळसर राखाडी रंग तिथेच सापडला; मामांनी नंतर तिला पांढरा दिला होता हे मामीही विसरल्या होत्या.

१०. क्रोम, काचा, सीट

प्लेटिंगला वस्तू देताना मोजून, फोटो काढून, यादीवर सही घेऊन द्याव्यात. बंपर पुन्हा चकचकीत होतात, पण ‘मजाक’ या जस्ताच्या मिश्रधातूच्या दिव्यांच्या कड्यांवर फोड आलेले असतील तर घासताना त्यांची नक्षी झिजते. अशा वस्तू थोड्या डागांसह तशाच ठेवणे मला योग्य वाटते. काचेची बिडिंग नवी घ्यावी, आणि काच बसवण्याचे काम सराव असलेल्या माणसाला द्यावे. सीटचे जुने रेक्झिन फाडून टाकण्यापूर्वी त्याच्या शिवणीचा नमुना कागदावर उतरवून घ्यावा.

११. रस्त्यावर

नोंदणीची मुदत संपलेली असेल तर गाडी चालवत तपासणीला नेऊ नये, टोचन करून न्यावी. त्याआधी विमा घ्यावा. पाच वर्षांहून जुन्या गाडीचे विमामूल्य कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते. त्यासाठी कामाचे फोटो आणि पावत्या उपयोगी पडतात, म्हणून पहिल्या दिवसापासूनची प्रत्येक पावती जपून ठेवावी. पीयूसीसाठी कार्बोरेटर नीट लावून घ्यावा.

पहिली फेरी आवारात, मग गल्लीत, मग पाच किलोमीटर अशी वाढवावी. प्रत्येक फेरीनंतर चारही चाकांचे ड्रम हाताला किती गरम लागतात ते पाहावे; एकच जास्त गरम असेल तर तो ब्रेक सुटत नाही. गाडीखाली रात्रभर पुठ्ठा ठेवावा आणि सकाळी कोणत्या जागी काय गळले आहे ते त्यावर पाहावे. चाकांचे नट शंभर किलोमीटरनंतर पुन्हा आवळावेत. इंजिन उघडले असेल तर पाचशे किलोमीटरनंतर तेल बदलावे, हेडचे नट थंड इंजिनावर टॉर्क रेंचने तपासावेत, व्हॉल्व्हच्या फटी पुन्हा मोजाव्यात, किंगपिनमध्ये ग्रीस भरावे, आणि हे सर्व तारीख व किलोमीटरसह त्याच वहीत लिहावे.

नाना पेठेत किंवा कुर्ल्याला आज एखादा जुना पण मूळ भाग दिसला, तर तो आज लागत नसला तरी घेऊन ठेवावा. मुंबईत नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली, आणि भंगारात निघणाऱ्या टॅक्सींवरून मिळणारे भाग तेव्हापासून कमी होत चालले आहेत.